विचारलं कोणाला?

आजचा विषय मोठा आहे. निरनिराळ्या देशांपुढचे सर्वांत मोठे सामाजिक आणि राजकीय प्रश्न. असा विषय मिळाला की वक्ता सहसा यादी वाचतो. जपानात माणसं कमी होताहेत, अमेरिकेत समाज दुभंगलाय, नेपाळातले तरुण देश सोडून जाताहेत, भारतात हाताला काम नाही. आपण माना डोलावतो आणि घरी जातो. आम्हाला आज या यादीचीच झडती घ्यायची आहे. यादीत प्रत्येक देश म्हणजे जणू एक माणूस, त्याला एकच पोट आणि एकच दुखणं. प्रत्यक्षात एकाच देशात, एकाच गावात, एकाचं दुखणं हा दुसऱ्याचा धंदा असतो. तेव्हा सर्वांत मोठा प्रश्न कोणता, हे ठरवण्याआधी ते ठरवताना विचारलं कोणाला, हे पाहावं लागतं.

जॉन ड्यूई हे अमेरिकन तत्त्वज्ञ. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे गुरू. १९२७ साली त्यांनी 'द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स' हे पुस्तक लिहिलं. त्यातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, चप्पल दुरुस्त कशी करायची हे कारागिराला कळतं, पण ती चावते कुठे हे घालणाऱ्यालाच माहीत. म्हणून तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी लोकांना विचारल्यावाचून त्याचं काम पुरं होत नाही. लोक म्हणजे कोण? तर एखाद्या निर्णयाचे परिणाम ज्यांच्यापर्यंत पोचतात ते सगळे. ही व्याख्या सुंदर आहे. ती इथल्या मातीवर टिकते का, ते बघू.

आपण विजयदुर्गात बसलो आहोत. इथून जवळच गिर्ये आणि रामेश्वर ही गावं, आणि खाडीपलीकडे राजापूर तालुका. मे २०१७ मध्ये नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमिनीची अधिसूचना निघाली. तिच्यात राजापूर तालुक्यातली चौदा आणि देवगड तालुक्यातली ही दोन गावं होती. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायची क्षमता, तीन लाख कोटी रुपयांची गुंतवणूक. तीन सरकारी तेल कंपन्या होत्याच, २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉकही पुढे आली. दिल्लीत करार झाले. गिर्येच्या सड्यावरच्या माणसाला आपली जमीन यादीत आहे हे कधी कळलं? अधिसूचना निघाल्यावर. आधी निर्णय आणि मग समजूत घालणं, असा हा क्रम.

पुढे विरोध झाला, मोर्चे निघाले. मार्च २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाल्याचं जाहीर झालं. अनेकांनी याला लोकांचा विजय म्हटलं, आणि लढणाऱ्यांचं श्रेय आम्ही नाकारत नाही. पण ती रद्द कधी झाली ते आठवा. लोकसभा निवडणूक तोंडावर होती आणि दोन पक्षांची युती जुळत होती. म्हणजे प्रकल्प आला तोही वरून आणि गेला तोही वरून. दोन्ही वेळा निर्णय मुंबईत जाहीर झाला. वरून गेलेली गोष्ट वरून परत येऊ शकते. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा ते दिसलंच.

या किल्ल्याला हे नवं नाही. तुळाजी आंग्र्यांशी पेशव्यांचं वैर होतं. ते मिटवायला पुण्याने इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह इथे आले आणि आंग्र्यांचं आरमार या बंदरात जळून गेलं. भांडणाचा हिशेब पुण्यात झाला, गलबतं जळाली ती विजयदुर्गाची.

आता ड्यूईंकडे परत येऊ. घालणाऱ्याला विचारा, हे ठीक. पण इथे चप्पल घालणारा कोण? सातबारा काढा. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली बरीचशी मुंबईत, लालबाग-परळपासून डोंबिवली-विरारपर्यंत. जमीन त्यांची, पण रोजची हवा-पाणी इथे राहणाऱ्यांचं. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपला जिल्हा आटला. म्हणजे जपानचा म्हणून जो प्रश्न आपण वाचतो, तो दारं बंद असलेल्या आपल्या वाडीतच आहे. फक्त जपानात मुलं कमी जन्मतात आणि आपली जन्मलेली मुलं चाकरीला जातात.

दुसरा माणूस गाबीत, म्हणजे दर्यावर्दी मच्छीमार. समुद्राचा सातबारा नसतो. भूसंपादनाच्या कागदात जमीनमालकाला मोबदल्याचा रकाना असतो. खाडीत जाळं टाकणाऱ्याचं काय? कच्चं तेल समुद्रातूनच यायचं होतं. परिणाम त्याच्यापर्यंत सर्वांत आधी पोचला असता, पण कागदावर त्याचं घर तेवढं दिसतं, त्याचं शेत दिसत नाही.

आणि तिसरा माणूस तर कोणाच्याच भाषणात येत नाही. हापूसच्या कलमांची राखण, फवारणी, तोडणी कोण करतं? मोठ्या प्रमाणावर नेपाळहून आलेले कामगार. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहता येतं, कामही करता येतं, मतदान मात्र करता येत नाही. बाग गेली तर मालकाला मोबदला, त्यांना काहीच नाही. नेपाळच्या अर्थव्यवस्थेत बाहेरून येणाऱ्या पैशाचा वाटा साधारण एक चतुर्थांश आहे. त्यातला थोडा देवगडच्या आंब्यातून जातो. हा नेपाळचा प्रश्न म्हणायचा की भारताचा? देशवार यादीत त्याला जागाच नाही. आपल्या चाकरमान्याचं दुःख आपण नाटकांतून, गाण्यांतून सांगितलं. आपल्या बागेत राहणारा हाही चाकरमानीच आहे, एवढं तरी आपण म्हणावं.

म्हणून ड्यूईंच्या व्याख्येत आम्हाला उणीव दिसते. परिणाम पोचणारे ते लोक, हे खरं. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यापर्यंत परिणाम पोचतात, प्रश्न पोचत नाही. 'स्थानिक' हा शब्द आपण दोन्ही बाजूंनी वापरला, समर्थनात आणि विरोधात. त्यात कोण येतं, हे मात्र कोणीच नीट सांगितलं नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, सगळ्यांनाच विचारत बसलं तर देशात एक वीट चढणार नाही. गाडीत पेट्रोल सर्वांना हवं, ते कुठेतरी शुद्ध होणारच. आणि इथल्या मुलांनी नोकरी मागायची नाही का? हा आक्षेप वजनदार आहे. नोकरी मागणारा मुलगा गावचा शत्रू नव्हे. मुंबईत पगार घेऊन 'कोकण तसंच राहू दे' म्हणणं सोपं असतं. पण विचारणं म्हणजे नकार, हे गृहीतक तपासून पाहा. १९५६ मध्ये नायजेरियात तेल सापडलं, १९६९ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात. वस्तू एकच. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायची सोय केली. नायजेरियात नदीमुखावरच्या ओगोनी लोकांची बाजू मांडणारे लेखक केन सारो-विवा १९९५ मध्ये फासावर गेले. दोन्ही देशांचा इतिहास वेगळा, हे मान्य. तरी एवढं दिसतं की तेल आपल्या अंगाने शाप नसतं की वरदान नसतं.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण व्हायची होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही 'नाही' म्हणाल्या. तिथे वनहक्क कायद्याचा आधार होता. आपल्या सड्यावरच्या ग्रामसभेचा ठराव मात्र सरकारला बांधून ठेवत नाही. फरक लोकांच्या धैर्यात नाही, कायद्यात आहे. आणि कायदा बदलता येतो.

मग करायचं काय? मोठी क्रांती आम्ही सुचवत नाही. जमिनीची अधिसूचना निघण्याआधी ग्रामसभा व्हावी. ती मे महिन्यात किंवा गणपतीत व्हावी, म्हणजे चाकरमानी असेल आणि गावकरीही. मच्छीमार सोसायट्यांना त्यात बाधित म्हणून बसायचा हक्क असावा. प्रकल्पाचा अहवाल पूर्ण मराठीत मिळावा, नुसता सारांश नको. बागेतल्या कामगाराची नोंद व्हावी, आणि मोबदल्यात त्याचाही वाटा असावा. हे एवढं झाल्यावर गाव 'हो' म्हणालं तरी आम्हाला मान्य आहे.

पुढच्या वेळी कोणी सांगितलं की अमुक देशाचा सर्वांत मोठा प्रश्न अमुक आहे, तर त्याला एवढंच विचारा: हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि कोण सांगायचं राहिलं? सुरुवात आपल्या वाडीपासून करायला हरकत नाही.