रुक्मिणीने पाहिलेले स्थळ

मराठीत ‘स्थळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे जागा. दुसरा अर्थ उपवर मुलींच्या आईबापांची झोप उडविणारा. मुलीसाठी स्थळ पाहावयाचे ते वडीलधाऱ्यांनी, अशी आपली जुनी रीत. पण आपल्या वाङ्मयात एक मुलगी अशी आहे की, तिने वर तर स्वतः निवडलाच, पण त्याच्याबरोबर निघून जावयाचे ते कोणत्या जागेवरून, हेही स्वतःच ठरविले. दोन्ही अर्थांनी स्थळ तिनेच पाहिले. ही मुलगी म्हणजे विदर्भराज भीष्मकाची कन्या रुक्मिणी. तिच्या धैर्याचे कौतुक कीर्तनकारांनी पुष्कळ केले आहे. परंतु ‘तिने हीच जागा का निवडली?’ हा प्रश्न, जो कादंबरी लिहिणाऱ्याला पहिल्याने पडावा, तो फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

हा प्रश्न आज विचारण्यास कारण आहे. अलीकडच्या कथा-कादंबऱ्यांत आणि पडद्यावर जोडपी पळून जातात ती बहुधा देखाव्याच्या दिशेने. समुद्राचा कडा असतो, मावळता सूर्य असतो, वाऱ्यावर उडणारा पदर असतो. लेखकाने जागा निवडलेली असते ती वाचकाच्या डोळ्यांसाठी. पळणाऱ्या मुलीच्या उपयोगाची ती आहे की नाही, याचा विचार त्याने केलेला नसतो. एवढ्याशा गोष्टीने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. माझ्या मते सगळी गोष्टच बिघडते. मुलगी घर सोडते त्या क्षणी तिची बुद्धी, तिचे भय आणि मागे राहणाऱ्यांविषयीची तिची माया ही तिन्ही एका निवडीत दिसतात, आणि ती निवड म्हणजे जागेची निवड.

भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीचा निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे. पहिल्या श्लोकांत प्रेम आहे, आर्जव आहे. पण पुढे एके ठिकाणी तिचा सूर एकदम व्यवहारी होतो. ती स्वतःच शंका काढते की, मी अंतःपुरात राहणारी. माझ्या आप्तांना मारल्याविना तू मला नेणार कसा? आणि उत्तरही तीच देते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या कुळाची मोठी देवयात्रा असते, नवरी नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनाला जाते, तेथे ये.

या निवडीकडे नीट पाहावे. देवीला जाणे हा कुळाचार. तेव्हा मुलगी घराबाहेर का पडली, असे विचारण्याची कोणाला सोय नाही. देऊळ तटाबाहेर, रथाला वाट मोकळी. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ही जागा तिने आपल्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून निवडली आहे. बाप नको, भाऊ नको, असे म्हणून ती निघालेली नाही. भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी आपले लग्न परस्पर ठरविले हे तिला अमान्य आहे, पण भाऊ मरावा असे तिला वाटत नाही. पुढे रुक्मी पाठलाग करीत आला आणि कृष्णाने त्याच्यावर तलवार उगारली, तेव्हा पाय धरून त्याचा जीव वाचविणारी तीच. सात श्लोकांत घातलेली अट तिने रणातही सोडली नाही.

देवळाकडे ती पायी जाते. बरोबर मातृवर्ग, सख्या आणि सशस्त्र शिपाई आहेत. ती मौन धरून आहे. परत निघताना तिने एका सखीचा हात धरला आहे. आमच्या आजच्या कादंबरीत ही मुलगी काळोखात एकटीच धावत सुटली असती. रुक्मिणी दिवसाढवळ्या, घरच्या बायकांच्या देखत, विधी यथासांग उरकून निघाली. त्यामुळे त्या जागेला जी शोभा आली, ती डोंगराने किंवा नदीने आणून देता येणारी नाही.

एकनाथांनी हा विषय घेऊन इ. स. १५७१ मध्ये, शके १४९३ च्या रामनवमीला, वाराणसीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ पुरे केले. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथाचा परमार्थ जीवशिवाच्या ऐक्याचा आहे हे सर्वज्ञातच आहे. मला मात्र एका टीकाकाराच्या नात्याने दुसरीच गंमत वाटते. नाथांनी हरणानंतरचा लग्नसोहळा एखाद्या मराठी घरच्या लग्नासारखा सावकाश रंगविला आहे. हरण क्षणाचे, लग्न मात्र सविस्तर, सगळ्या रीतीभातींसह. म्हणजे पळण्याची जागा वेगळी आणि लग्नाची जागा वेगळी, हा फरक नाथांना पक्का ठाऊक होता. आणि या पोथीचे झाले काय? मुलीला चांगले स्थळ यावे म्हणून घराघरांतून वडील माणसे तिला याच पोथीचे पारायण करावयास सांगू लागली! भावाने ठरविलेले स्थळ नाकारून निघून गेलेल्या मुलीची कथा, आणि ती वाचावयाची भावाने पाहिलेले स्थळ जमावे म्हणून. यात मला ढोंग दिसत नाही. मुलीच्या मनासारखे व्हावे, ही जी गोष्ट आपल्या घरांना उघडपणे बोलता आली नाही, ती त्यांनी पोथीकडून बोलवून घेतली, असे मला वाटते.

ते देऊळ कोणते, याविषयी विदर्भात दोन दावे आहेत. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, तेथील अंबिका म्हणजेच ती, असे तेथील लोक म्हणतात. अमरावतीची अंबादेवी हीच ती, असे अमरावतीकर म्हणतात. वाद सोडविणे माझे काम नाही. पण जिच्या देवळातून मुलगी निघून गेली, त्या देवीला कमीपणा न मानता दोन गावे तो मान स्वतःकडे घेऊ पाहतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विदर्भाचाच दुसरा एक सुपुत्र भवभूती. त्याचे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. त्याच्या ‘मालतीमाधवा’तही नको असलेले लग्न आहे, आणि युक्तीही तीच. लग्नाआधी नवरीला नगरदेवतेच्या देवळात आणतात. माधव व मकरंद आत लपलेले असतात. मकरंद नवरीचा वेष घेऊन वरातीबरोबर जातो, आणि मालती व माधव मागल्या वाटेने निघतात. पण येथे योजना मालतीची नाही, कामंदकी या वृद्ध भिक्षुणीची आहे. मालती बिचारी नेईल तिकडे जाते. नाटक म्हणून अंक रंगतो. पण रुक्मिणीपुढे मालती फिकी पडते ती याच कारणाने. देऊळ तेच, पण ते निवडणारी बुद्धी परक्याची.

सुभद्रेची गोष्ट आणखी बोलकी आहे. महाभारतात तिचे हरण झाले ते रैवतकाच्या परिसरात. आदिपर्वातले ते उत्सवाचे वर्णन मोठे देखणे आहे. निसर्गरम्य जागाच हवी असेल तर याहून चांगली मिळणार नाही. पर्वताची पूजा व प्रदक्षिणा करून सुभद्रा द्वारकेकडे निघाली असता अर्जुनाने तिला रथात घातली. त्याआधी त्याने जलद दूत पाठवून धर्मराजाची संमती आणविली होती. कृष्णाची संमती होतीच. एकट्या सुभद्रेला मात्र कोणी विचारले नाही. मूळ कथेतील ही उणीव अण्णासाहेब किर्लोस्करांना जाणवली असावी. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत सौभद्रा’तील सुभद्रेचे अर्जुनावर आधीपासूनच मन आहे, दुर्योधनाशी ठरत असलेले लग्न तिला नको आहे. हरणाचे रूपांतर त्यांनी दोघांच्या मनोरथात केले. कोकणातल्या उत्सवी मंडपांतून आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी एका चटईवर बसून हे नाटक पाहिले आणि कोणाला ते अनुचित वाटले नाही. मुलीचे मन एकदा स्पष्ट झाले की, प्रेक्षक आपोआप तिच्या बाजूला जाऊन बसतो.

आता देखाव्याचा पक्ष. त्याची परीक्षा आमच्या अंजनवेलीवरच करून पाहू. कादंबरीकाराला मोह पडावा अशीच ही जागा आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी उंचावर गोपाळगड, पलीकडे दाभोळ, पश्चिमेला टाळकेश्वराचे देऊळ, दीपगृह आणि पुढे नुसता समुद्र. वीजप्रकल्पामुळे गावाचे नाव नव्वदीच्या दशकात वर्तमानपत्रांतून गाजले. एरवी येथे येणारा माणूस समुद्र पाहावयासच येतो. समजा, एखाद्या लेखकाने आपली नायक-नायिका रात्री टाळकेश्वराच्या कड्यावर आणून उभी केली. चांदणे आहे, लाटा फुटताहेत. पण पुढे काय? पश्चिमेला समुद्र, उत्तरेला खाडी. गडाचा आसरा घ्यावा तर जमिनीच्या अंगाला खंदक. पाठलाग करणाऱ्यांनी एक बाजू अडविली की झाले. होडी म्हणावी, तर पावसाळ्यात समुद्र बंद. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरी आहे. पण तिच्यावर तोंडओळखीचे दहाजण भेटणार आणि त्यांतले दोघे तरी ‘काय गो, कुणीकडे?’ म्हणून विचारणार. तात्पर्य, अंजनवेलीची मुलगी शहाणी असेल तर ती कड्यावर जाणारच नाही. ती सकाळच्या चिपळूणच्या एस्. टी. त, हातात दाखल्यांची पिशवी घेऊन, शेजारणीला ‘तालुक्याला जाऊन येत्ये’ असे सांगून बसेल. लेखकाने ती पिशवी लिहावी. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला असतो, एखादा आईचा फोटो असतो. त्या पिशवीत जेवढी कादंबरी आहे तेवढी अरबी समुद्रात नाही.

मग सौंदर्याला जागाच नाही काय? आहे, पण ती कोठे आहे हे ‘सैराट’ने नेमके दाखविले. नागराज मंजुळे यांच्या या २०१६ सालच्या चित्रपटाचा पूर्वार्ध करमाळ्याकडच्या माळरानांनी, विहिरींनी आणि पाण्याच्या विस्तारांनी भरलेला आहे. ती सारी शोभा प्रेम जडण्याची आहे. आर्ची आणि परश्या पळतात तेव्हा पडद्यावरची शोभा आटते आणि उरते हैदराबादची झोपडपट्टी. तेथे त्यांना तारते ती सुमनअक्का नावाची एक बाई. चित्रपट गाजल्यावर पूर्वार्धातल्या जागा पाहावयास लोक करमाळ्याकडे जाऊ लागले. त्या झोपडपट्टीची वाट कोणी विचारल्याचे माझ्या कानांवर नाही. शेवट सर्वांना माहीत आहे. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आणि त्या घरात एक लहान मूल तेवढे जिवंत उरते. रुक्मिणीच्या निरोपातली भीती येथे उलटी झाली आहे. तिला वाटले होते, आपल्यापायी आप्त मारले जातील. येथे आप्तच मारावयास येतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारावेत असे सांगितले, ते उगाच नव्हे.

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केलेला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावयाचे तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेले असावे लागते, मग नोटीस द्यावी लागते, आणि ती कचेरीत लोकांना दिसेल अशी लावतात. आक्षेपासाठी पुन्हा तीस दिवस. रुक्मिणीचा निरोप महिनाभर चावडीवर डकवला असता तर काय झाले असते, याची कल्पना करावी! पण याच कायद्यात एक गोड कलम आहे. लग्न कचेरीतच लागले पाहिजे असे नाही. ज्यादा फी भरून, कचेरीपासून वाजवी अंतरावर, वधूवरांना हवे त्या ठिकाणी ते लावता येते. कड्यावर म्हणा, वाळूवर म्हणा. अट एवढीच की, अधिकारी हवा आणि तीन साक्षीदार हवेत. आज अनेक तरुण जोडप्यांना गर्दी व खर्च टाळून एखाद्या रम्य जागी मोजक्या माणसांत लग्न करावे असे वाटते. त्यांना माझा विरोध नाही. त्यांनी जागा जरूर सुंदर पाहावी. मात्र जागेच्या आधी ते तीन साक्षीदार पाहावेत. मंगलाष्टकांना समुद्र चालेल, पण बाळंतपणाला सुमनअक्काच लागते.

महाभारतात ‘सुभद्राहरण’ पर्वाच्या पाठोपाठ ‘हरणाहरण’ नावाचे पर्व आहे. तेथे ‘हरण’ म्हणजे मुलीला माहेराहून दिलेला आहेर. प्रथम खवळून उठलेला बलराम कृष्णासह तो आहेर घेऊन इंद्रप्रस्थास येतो, आणि दोन्हीकडची माणसे एकत्र बसतात. व्यासांनी हरणाची कथा रैवतकावर संपविली नाही, आहेरापर्यंत आणली. रुक्मिणीच्या नशिबी हे तसे आले नाही. बहिणीला आणल्याविना कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही, अशी रुक्मीची प्रतिज्ञा. तो परतलाच नाही, भोजकट वसवून राहिला. पुढे सोयरिकी झाल्या, पण नातीच्या लग्नात द्यूतावरून कलह पेटला आणि बलरामाच्या हातून तो मारला गेला. ज्याचे प्राण वाचावेत म्हणून बहिणीने देवळाची जागा निवडली, तो लग्नमंडपात गेला.

हे सारे दिवाळी अंकात लिहिण्याचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानात आले असेलच. या चार दिवसांत घरोघरी नव्या जावयांचे दिवाळसण होतील. काही घरांत मात्र फराळाचे एक ताट मांडावे की नाही, हे आई ठरवू शकत नसेल, आणि बापाने त्या मुलीचे नाव वर्षभर घेतलेले नसेल. कादंबरीकारांना माझे सांगणे आहे की, त्यांनी आता कडे आणि किनारे थोडे बाजूला ठेवून त्या घराचा उंबरठा लिहावयास घ्यावा. आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी, मुलीला ज्या पोथीचे पारायण करावयास लावले होते ती या सुटीत स्वतः एकदा पहिल्यापासून वाचावी, आणि मग ताटाचे काय ते ठरवावे.