किडनीला बाधतं काय: थंडी, की परत तापवणं?

आज आपण एका शोधनिबंधाची चिकित्सा करणार आहोत. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना शरीर किती थंड ठेवायचं, आणि त्याचा पुढे मूत्रपिंडावर, म्हणजे किडनीवर, काय परिणाम होतो, हा त्याचा विषय.

आधी थोडी पार्श्वभूमी. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचं शरीर थंड करून तिच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. शरीर गार झालं की पेशींची प्राणवायूची भूक मंदावते, हे त्यामागचं सूत्र. पुढे हार्ट-लंग मशीन आलं, तरी गार करण्याची पद्धत टिकली. १९९० च्या दशकात टोरांटोच्या सर्जन मंडळींनी 'उबदार' शस्त्रक्रियेचा आग्रह धरला आणि थंड विरुद्ध उबदार असा वाद रंगला.

आता किडनीकडे बघा. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांना मिळतो. तरी किडनीच्या आतल्या गाभ्याला प्राणवायू जेमतेमच पुरतो. त्यात मशीनवर रक्त पातळ झालेलं असतं. मग थंडीने किडनी वाचायला हवी ना? तर्क सरळ आहे, पण तो तपासून बघायला हवा.

कॅनडातल्या ओटावाच्या बूधवानी आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा निबंध नेमकं हेच करतो. त्यात बायपासच्या रुग्णांवरच्या दोन चाचण्या आहेत. पहिलीत सगळ्यांना ३२ अंशांपर्यंत गार केलं. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून काहींना ३७ अंशांपर्यंत तापवलं, काहींना ३४ वरच थांबवलं. दुसरीत काहींना ३४ वर आणि काहींना ३७ वर ठेवलं, मशीनवर तापवणं नाहीच. पहिल्या चाचणीत ३७ पर्यंत तापवलेल्यांची किडनी जास्त बिघडलेली दिसली. दुसरीत मात्र दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

या निबंधाचं मोठेपण आम्हाला इथे दिसतं. गार ठेवणं आणि परत तापवणं या एरवी जोडीने येणाऱ्या गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. नुसती थंड आणि उबदार अशी तुलना केली, की थंड गटाला तापवण्याचाही भुर्दंड बसतो आणि दोष थंडीच्या नावावर जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पण आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला असा, की या चाचण्या मुळात मेंदूवरचा परिणाम बघण्यासाठी आखल्या होत्या. किडनीचा प्रश्न नंतर विचारला गेला. अशा उत्तराला इशारा म्हणावं, निकाल म्हणू नये.

दुसरा आक्षेप मोजपट्टीवर. रक्तातलं क्रिएटिनिन २५ टक्के वाढलं की किडनी बिघडली, असं इथे धरलंय. म्हणजे १.० चं १.२५ झालं तरी पुरे. आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या ४८ तासांत ०.३ ची, किंवा सात दिवसांत दीडपट वाढ मागते. तिच्यात हा रुग्ण बसतच नाही. शिवाय क्रिएटिनिन उशिरा वाढतं. आणि रुग्णाला काय हवं असतं? डायलिसिस लागू नये, वर्षभराने किडनी शाबूत असावी. त्याचं उत्तर या आकड्यात नाही.

तिसरा, थर्मामीटर कुठे आहे? तापवताना मशीनमधून शरीरात शिरणारं रक्त आतल्या अवयवांपेक्षा गरम असतं. नाकातला आकडा ३७ दाखवतो, तेव्हा आत जाणारं रक्त त्याहून वर गेलेलं असू शकतं. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अनेक रुग्णालयांतल्या नोंदींवरून दिसलं, की असं रक्त ३७ च्या वर जितका जास्त वेळ राहिलं, तितकी किडनीला इजा होण्याची शक्यता वाढली. अर्थात या नोंदी आहेत, प्रयोग नव्हे. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही सांगतात, की हे रक्त ३७ च्या खाली ठेवा, आणि ते ३० च्या वर गेल्यावर मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त वेगाने तापवू नका. मात्र त्यांचा भर मुख्यतः मेंदूवर आहे.

मग तापवूच नये का? तसंही नाही. गार शरीरात रक्त नीट गोठत नाही, रक्तस्राव वाढतो, शुद्धीवर येताना रुग्ण कुडकुडतो. ऑपरेशन थिएटरमधली घाई अगदीच निष्कारण नसते. पण ज्याचं क्रिएटिनिन आधीच काठावर आहे, त्याला त्या दहा-पंधरा मिनिटांच्या घाईची किंमत मोजावी लागू शकते.

म्हणून 'ऑपरेशन किती अंशांवर केलं?' हा प्रश्न अपुरा आहे. परत किती वेगाने तापवलं, कुठवर तापवलं, आणि मोजलं कुठे, हे तिन्ही ज्या निबंधात नसेल, त्याच्या किडनीविषयीच्या निष्कर्षावर आपण बेताचाच विश्वास ठेवावा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.