पिठाचा कोंबडा आणि खरा बाण

शिकारीची बाजू घेणारे नेहमी सांगतात, जनावर रानात मोकळं वाढलं, बापलेकांनी मिळून मारलं, आईनं रांधलं, सगळ्या घरानं एका पंगतीत खाल्लं. यात वाईट ते काय? ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या सप्तव्यसनांत मांस आणि शिकार ही दोन निरनिराळी मोजली आहेत. ती का, हे कळण्यासाठी जन्न कवीचं 'यशोधर चरिते' वाचावं. होयसळांच्या काळातल्या या जैन कवीनं ते १२०९ साली कन्नडमध्ये लिहिलं.

कथा पुष्कळजणींना ठाऊक असेल. आई चंद्रमती बळी द्यायला सांगते, यशोधर राजा नको म्हणतो, शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा कापला जातो. राणी अमृतमती दोघांना विष घालते आणि मायलेकरं जनावरांचे जन्म घेत फिरतात. गादीवर आता यशोधराचा मुलगा यशोमती. मासा झालेला बाप पकडला जातो आणि बापाच्याच नावानं वाढला जातो! पुढे बाप आणि आजी कोंबड्यांच्या जन्मात असताना, राणीला नेम दाखवायचा म्हणून यशोमती नुसत्या आवाजावर बाण सोडून दोघांना मारतो. जेवणारे घरचे, तसं ताटात पडलेलंही घरचंच असेल तर? पंगतीचं कौतुक करणाऱ्यांना जन्नाचा हा प्रश्न आहे, आणि तो मला पुरेपूर पटतो.

पुढचा हिशोब मात्र पटत नाही. पिठावर सुरी चालवणारे जन्मोजन्म भोगतात. यशोमती शिकारीला निघतो, वाटेत सुदत्त मुनींवर कुत्री सोडतो, मग सत्य कळल्यावर दीक्षा घेतो आणि सुटतो. पीठ असलं तरी संकल्पी हिंसा ती हिंसाच, ही शिकवण खरी. मग बाण सोडणाऱ्याचा संकल्प काय हलका होता?

सांगणारेही आईचा हट्ट आणि राणीचं पाप रंगवून सांगतात, शिकार एका वाक्यात उरकतात. पीठ चाळणं, पाणी गाळणं, चुलीपाशी जपणं, म्हणजे आरंभी हिंसेची सगळी काळजी बायकांकडे. आणि कथेतला दोषही बायकांकडेच! धारवाडात शिकलेल्या गिरीश कर्नाडांनी याच कथेवर १९८० साली 'हिट्टिन हुंज' नाटक लिहिलं. त्यात राणी जैन आहे आणि बळीविरुद्ध ती स्वतः बोलते. मला ती फार जवळची वाटली.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी केली. आपल्या जुन्या धारवाड जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरला १९७४ पासून काळविटांचं अभयारण्य आहे. कायद्यानं बंदूक खाली ठेवता येते. मनातला नेम घरातच सोडवावा लागतो. म्हणून दशलक्षणात नातवंडांना ही कथा सांगाल, तेव्हा पिठाच्या कोंबड्यावर थांबू नका. यशोमतीचा बाणही सांगा, आणि तो कुणी सोडला तेही.