‘झुंड’ : पायाची निवड की माणसाची?

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रकाशात आला. अमिताभ बच्चन यांच्यासारखा नट प्रमुख भूमिकेत असल्यावर पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्या भूमिकेकडे जावे हे साहजिक आहे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ ह्या मराठी कृतींच्या कर्त्याने हिंदीत पाऊल टाकले, ह्याचेही कौतुक व्हावयाचेच. परंतु ज्यांची हयात महाविद्यालयाच्या आवारात गेली अशा आम्हां शिक्षकमंडळींना ह्या चित्रपटात एक निराळाच प्रश्न दिसतो. एखादी शिक्षणसंस्था मुलाच्या पायांतील कसब पाहून त्याला जवळ करते, तेव्हा ती नेमके काय जवळ करते? तो पाय, की त्या पायावर उभा असलेला माणूस? ‘झुंड’चे मर्म आणि त्याचे उणेपण ही दोन्ही ह्या एकाच कसोटीवर घासून पाहता येतात, असे आमचे मत आहे.

ह्या प्रश्नाचे अगदी निर्भेळ रूप पाहावयाचे असेल, तर क्षणभर अमेरिकेकडे वळले पाहिजे. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात अंडाकृती चेंडू बहुतेक वेळ हाताने फेकावयाचा किंवा उराशी धरून पळावयाचे असते. पायाचे काम थोडे. पण पडते तेव्हा निकाल त्यावरच लागण्याची वेळ येते. जमिनीपासून दहा फूट उंचीवरील आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून, किक मारून चेंडू पलीकडे धाडला की तीन गुण मिळतात. एवढ्या एका कामासाठी संघात स्वतंत्र खेळाडू असतो. त्याला ‘किकर’ म्हणतात. हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वीच दूर टोलावणारा ‘पंटर’ हा आणखी निराळा. साठ मिनिटांच्या सामन्यात ह्यांच्या वाट्याला थोडेच क्षण येतात. ते न पळतात, न झुंजतात. बोलावले की मैदानात जातात, किक मारतात आणि परत येऊन बसतात.

अशा मुलांची महाविद्यालयांकडून होणारी निवड हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. शाळकरी मुले उन्हाळ्याच्या सुटीत किकच्या शिबिरांना जातात. चेंडू किती दूर गेला, किती वेळ हवेत राहिला, दहांतील किती किक साधल्या, हे मोजून त्यांचा क्रम लावला जातो. इतके करूनही पुष्कळांना आरंभी शिष्यवृत्ती मिळत नाही. स्वखर्चाने या, संघात घेऊ, किक साधू लागल्या तर पुढचे पुढे पाहू, असे त्या निमंत्रणाचे स्वरूप असते. ह्या कसबाचा इतिहासही मनोरंजक आहे. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून परागंदा झालेल्या कुटुंबातील पीट गोगोलाक हा मुलगा आपल्या फुटबॉलप्रमाणे बाजूने धावत येऊन पावलाच्या वरच्या अंगाने किक मारी. तोपर्यंत तेथील रीत समोरून येऊन बुटाच्या टोकाने मारण्याची होती. कॉर्नेल विद्यापीठातून तो १९६४ साली व्यावसायिक संघात गेला, आणि पाहता पाहता त्या परक्या मुलाची रीत हीच सर्वांची रीत झाली. अलीकडे ऑस्ट्रेलियातून तयार पंटर नेण्याचा प्रघात पडला आहे. मायकेल डिक्सन हा टेक्सास विद्यापीठाचा ऑस्ट्रेलियन खेळाडू २०१७ साली महाविद्यालयीन पंटरांत सर्वोत्तम ठरला. २८ नोव्हेंबर २०२० रोजी तर व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे किकर कोरोनाच्या विलगीकरणात अडकले म्हणून मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक सारा फुलर हिला बोलावण्यात आले. उत्तरार्धाची पहिली किक तिने मारली, संघ ४१ विरुद्ध शून्य असा हरला, आणि तरीही तो दिवस तिच्याच नावावर राहिला.

ह्या व्यवहाराला आम्ही सरसकट नावे ठेवू इच्छीत नाही. एका पायाच्या बळावर एखाद्या निर्वासिताच्या मुलाला विद्यापीठाचे दार सुलभ होत असेल, तर त्या पायाचे कल्याण असो. परंतु ह्या निवडीचे स्वरूप सौद्याचे आहे हे विसरता येत नाही. चेंडू दोन खांबांमधून जातो तोवर निवड चोख ठरते. दोनदा वाकडा गेला की दुसरा पाय शोधू लागतात.

आपल्याकडे किक मारण्यासाठी कोणी महाविद्यालयात बोलावीत नाही; पण पायांची मोजदाद आपल्याकडेही चालते, फक्त तिचा हिशोब निराळ्या वहीत असतो. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीचे स्थान आहे. पावसाळ्यात तेथील धबधबा पाहावयास आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला लोक दुरून येतात. ह्याच मुलखातील रस्त्यांवरून इतर दिवशी पहाटे जी तरुण मुले धावताना दिसतात ती यात्रेकरू नव्हेत. ती भरतीची तयारी करणारी मुले होत. पोलीस भरतीत १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचे सारे भवितव्य त्या वीस गुणांपाशी येऊन थांबते. त्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनसारख्या ठिकाणी राहिला, आणि २०१५ साली सैन्यातील क्रॉस कंट्री शर्यतींच्या निमित्ताने धावपटू म्हणून पुढे आला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक त्याने मिळविले. येथे अमेरिकन रीतीचा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. सैन्याने आधी माणूस घेतला. त्याचे पाय मागाहून सापडले.

ह्या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी ‘झुंड’चे स्थान आहे. चित्रपटाला आधार खऱ्या घटनांचा आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलची चळवळ उभी केली. पुढे ‘स्लम सॉकर’ ह्या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि २०१६ साली तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. चित्रपटातील प्राध्यापक विजय बोराडे निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत आहे. पावसात एका डब्यालाच चेंडू मानून खेळणारी पोरे त्यांच्या दृष्टीस पडतात, आणि ते त्यांना खरा चेंडू आणून देतात.

येथून पुढे मंजुळे यांनी जो प्रसंग योजला आहे तो आमच्या मते साऱ्या चित्रपटाचा कणा होय. बोराडे त्या मुलांना खेळण्याबद्दल रोज पाचशे रुपये देऊ करतात. म्हणजे आरंभ सौद्यानेच होतो. पाय भाड्याने घेतले जातात. काही दिवसांनी ते येऊन सांगतात, आता पैसे संपले. मुले रुसतात, घुटमळतात आणि अखेर पैशावाचून खेळू लागतात. पाय विकत घेता येतो, खेळ घेता येत नाही, हे तत्त्व येथे कोणाच्याही तोंडून वदविलेले नाही. ते त्या पोरांच्या अस्वस्थ हालचालींतून आपोआप उमगते. भाड्याच्या पायांना येथे प्रथम मालक मिळतो, आणि तो मालक म्हणजे ती मुलेच असतात. एवढी मोठी गोष्ट इतक्या लहान व्यवहारातून दाखविणे हे खऱ्या कलावंताचे लक्षण आहे.

दुसरे सामर्थ्य शीर्षकात आहे. ‘झुंड’ हा शब्द आपण जनावरांसाठी किंवा दंगेखोरांसाठी वापरतो. मराठीत ‘झुंडशाही’ ही तर शिवीच होय. भिंतीच्या अलीकडून पाहणाऱ्याला पलीकडे झुंड दिसते, आणि तीच मुले एका रंगाचे कपडे घालून मैदानात उतरली की त्यांना संघ म्हणावे लागते. मुले तीच असतात. बदलते ती पाहणाऱ्याची नजर. म्हणूनच ह्या मुलांच्या भूमिका नागपूरच्या वस्त्यांतील अनोळखी, अननुभवी मुलांकडून करवून घेण्यात दिग्दर्शकाने मोठे औचित्य साधले आहे. त्यांचे चेहरे अभिनय करीत नाहीत; ते आपल्याला निरखीत असतात.

उत्तरार्धाविषयी मात्र थोडा हात राखूनच बोलावे लागते. कॉलेजच्या संघाशी झालेला सामना ही मुले जिंकतात, आणि क्रीडापटांच्या नेहमीच्या संकेताप्रमाणे तो विजय रंगविताना दिग्दर्शकाची स्वतंत्र बुद्धी काहीशी विसावा घेते. पुढे परदेशातील स्पर्धेसाठी पारपत्र काढण्याची वेळ येते, तेव्हा ती पुन्हा जागी होते. दूरच्या खेड्यातील आदिवासी मुलगी मोनिका आणि तिचे वडील ओळखीच्या एका कागदासाठी दारोदार हिंडतात, तो भाग आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटला. पायांत कसब आहे, निवडही झाली आहे. पण निवडलेला माणूस आहे कोण, ह्याचा पुरावा नाही! पायाची निवड आणि माणसाची निवड ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट दाखविता आले नसते. तसाच अंकुश ह्या तरुणाचा विमानतळावरील प्रसंग. जन्मभर खिशात वागविलेले पाते त्याला तेथे टाकून द्यावे लागते. वस्तीत ज्याच्या आधारावर तो निभावला, ते टाकल्याखेरीज त्याला पुढे जाता येत नाही.

उणिवा सांगितल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही. सुमारे तीन तासांची लांबी कथेला पेलत नाही. बोराडे यांच्या मनात कधी द्वंद्व दिसत नाही. त्यांचा सज्जनपणा आरंभी जेवढा तेवढाच शेवटी, त्यामुळे नटाच्या शक्तीलाही पुरते काम मिळत नाही. न्यायालयातील त्यांचे भाषण चित्रांनी आधीच सांगितलेले शब्दांनी पुन्हा सांगते. पण आमचा खरा आक्षेप निराळा आहे. ज्या महाविद्यालयाच्या भिंतीपासून कथा सुरू होते, ते महाविद्यालय सामन्यापुरते येते आणि मग जवळजवळ दिसेनासे होते. त्या संघाला हरविणाऱ्या मुलांपैकी एखाद्याला त्याच कॉलेजच्या वर्गात बसावेसे वाटले असते, तर प्राचार्यांनी काय उत्तर दिले असते? हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. प्रतिभेची दखल मैदानावर घेऊन वर्गाचे दार लोटून घ्यावयाचे, ही आपल्या संस्थांची जुनी खोड. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो, ‘झुंड’मधील चेंडू मात्र भिंतीवरून मैदानात जातो, वर्गाच्या खिडकीपर्यंत पोचत नाही.

असे असूनही शेवटचे दृश्य हा आक्षेप निम्मा फेडून टाकते. मुलांना घेऊन विमान वर जाते, आणि खाली एक भिंत दिसते. ती ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची सूचना तिच्यावर रंगविलेली आहे. उडालेली मुले भिंतीच्या वरून गेली. भिंत जागच्या जागी राहिली. विजयाच्या नौबती वाजत असता दिग्दर्शकाने हे दाखविण्याचे धैर्य केले, म्हणून ‘झुंड’ आम्ही केवळ क्रीडापट मानीत नाही.

महाराष्ट्र शासनाने २००५ साली गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखून ठेवल्या, परीक्षांतही खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. ह्या सोयी योग्यच आहेत. परंतु त्या सर्व पदक मिळाल्यानंतरच्या आहेत. पदकाच्या आधी, पावसात डबा लाथाडीत असताना, त्या मुलाला पाहणारा कोणी हवा. आणि पाहिल्यावर त्याचे नाव, त्याचे घर, त्याची पुस्तके ह्यांची विचारपूस करणारा हवा. किक चुकली तरी ज्याची जागा जात नाही, त्याचीच निवड झाली असे म्हणावे. आमच्या सुशिक्षित वाचकांनी ‘झुंड’ मुलाबाळांसह जरूर पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपल्या गावच्या महाविद्यालयाभोवतालच्या भिंतीकडे एकवार दृष्टी टाकावी. ती बांधली कोणी, हे ‘झुंड’मधील मुलांना विचारण्याचे कारण नाही.