पुसले म्हणजे नेमके काय पुसले?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून नवी बसवण्याचे काम अनेक शाळांत शिक्षकांवरच येते. या कामात हार्ड डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशन, दाखवणारा पडदा समोर येतो. आम्ही त्याच्याकडे एक पाठ म्हणून पाहिले. तो शिकवतो काय?

प्रथम डॉसच्या काळातला ‘एफडिस्क’ घेऊ. विभाग काढायला सांगितला की तो बजावतो, यातली माहिती जाईल. मग विभागाचे नाव टाइप करायला लावतो आणि पुन्हा खात्री करून घेतो. सावधपणाला पैकीच्या पैकी गुण. समजावण्याला मात्र शून्य!

कारण घडते ते असे. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये ६४ बाइटांचा एक तक्ता असतो. त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी: विभाग कोठे सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे. एफडिस्क त्यातली एक नोंद खोडतो. फायली जागच्या जागी राहतात. सातबारा फाटला म्हणून शेतातली ज्वारी नाहीशी होत नाही. ती जाते नवा मालक नांगर घालतो तेव्हा. आजच्या जीपीटी पद्धतीत नोंदी साधारणपणे १२८ असतात आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते, तत्त्व तेच.

लिनक्सवरचा ‘जीपार्टेड’ (२००४) अधिक चांगला शिक्षक आहे. तो विभाग रंगीत पट्टीत दाखवतो आणि आपण सांगितलेले बदल यादीत थांबवून ठेवतो. ‘अप्लाय’ म्हणेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. चूक कागदावरच सुधारता येते. पण नोंद आणि माहिती यांतला फरक तोही सांगत नाही.

हा फरक न कळल्याने दुहेरी नुकसान होते. चुकून विभाग गेला की घाबरून लगेच नवी सिस्टिम चढवली जाते आणि परत मिळू शकणारी माहितीही जाते. उलट, विभाग काढला म्हणजे सारे गेले असे समजून संगणक भंगारात दिला जातो; विद्यार्थ्यांचे गुण आणि पत्ते त्यात शाबूत! (एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःच पुसू शकते, तेथे माहिती परत मिळण्याची आशा कमी.)

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा. सेकंदाला १०० एमबी या वेगाने ५०० जीबी जागेवर शून्ये लिहायला ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतील. मग विभाग क्षणात ‘पुसला’ कसा? एवढा हिशेब केलेली मुले पडद्यावरच्या शब्दाला फसणार नाहीत.