प्रौढांचे कौशल्यमापन आणि सांख्यिकीय जालप्रारूप

'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा'खाली १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात प्रौढांची जी चाचणी झाली, तीत वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण होते. अशा गुणांची बेरीज करताना एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरली जाते : उमेदवाराच्या ठायी एक सुप्त गुण असून सर्व उत्तरे त्यातूनच उद्भवतात. स्पिअरमनच्या १९०४ मधील सिद्धांताचाच हा वारसा होय.

बोर्सबूम प्रभृती ॲम्स्टरडॅमच्या अभ्यासकांचे जालप्रारूप हे गृहीत अनावश्यक ठरविते. त्यात प्रत्येक प्रश्न हा एक बिंदू. इतर सर्व प्रश्नांचा प्रभाव वजा केल्यावरही दोन प्रश्नांत जो सहसंबंध उरतो, तो त्यांमधील दुवा. कल्पना आकर्षक आहे, परंतु तिच्या पुरस्कर्त्यांचा उत्साह थोडा आवरावयास हवा. चुंबकत्वाच्या अभ्यासातून घेतलेले आयसिंगचे प्रारूप आणि सुप्त गुणाचे प्रारूप ही काही अटींत गणिती दृष्ट्या समतुल्य ठरतात. म्हणजे केवळ आकडे पाहून या दोहोंत निवाडा करता येत नाही. त्यासाठी चाचणीबाहेरचे ज्ञान लागते.

ते बीड जिल्ह्यात विपुल आहे. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता पुरुषांत सुमारे ८६, तर स्त्रियांत सुमारे ६८ टक्के होती. मुकादमाची उचल, टनामागील दर आणि उरलेली बाकी यांचा तोंडी हिशेब करणारी ऊसतोड कामगार स्त्री छापील शाब्दिक उदाहरणापाशी अडली, तर तिला गणित येत नाही असे म्हणावे काय? येथे वाचन व संख्याज्ञान यांमध्ये दुवा दिसेल खरा. पण तो दोन कौशल्यांमधला, की प्रश्नपत्रिकेच्या प्रमाणभाषेने निर्माण केलेला, हे जाल सांगत नाही. (जोडाक्षर वाचता न येणे आणि 'प्रत्येकी' या शब्दाचा अर्थ न लागणे या भाषेच्या दृष्टीने दोन भिन्न अडचणी आहेत; जालात मात्र दोन्ही एकाच बिंदूत विलीन होतात.)

शिवाय जे परीक्षेस बसले, त्यांचेच जाल विणले जाते. ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो. फडावर असलेल्यांचा त्यात मागमूसही नसतो.

तेव्हा आलेख काढण्यापूर्वी एक साधा प्रयोग करणे इष्ट. तुल्य काठिण्याची उदाहरणे निम्मी छापून द्यावीत, निम्मी बोलीत वाचून दाखवावीत. तोंडी उदाहरणांत वाचनाशी असलेला दुवा क्षीण झाला, तर तो छपाईचा होता. तसाच टिकला, तर सुप्त गुणाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे पुन्हा ऐकावे लागेल.