जहाजाचा दोष कीं जहाजमालकांचा? – मार्सेयच्या मरीच्या एका रोजनिशीचें परीक्षण

इ. स. १७२० सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय बंदरांत ग्रंथिक ज्वराची मरी उद्भवली. तिच्या हकीकतीचें एक मुख्य साधन म्हणून पिशाती द क्रोआसाँत याची रोजनिशी तीनशें वर्षें वापरली जात आहे. हा गृहस्थ त्या नगराचा वकील व नगरसभेचा वक्ता होता. त्याची रोजनिशी मरी चालू असतांनाच छापली गेली व लवकरच, १७२१ सालीं, तिचें इंग्रजी भाषांतरही झालें. जहाज केव्हां आलें, कप्तानानें काय सांगितलें, माल कोठें उतरला, इत्यादि गोष्टी पुढील अनेक ग्रंथकारांनीं याच पुस्तकावरून घेतल्या आहेत. या साधनाची योग्यता किती, आणि जहाजांच्या विलगीकरणाचे नियम कोणीं मोडले या प्रश्नाचें उत्तर देण्यास तें कितपत समर्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखीं कर्तव्य आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. रोजनिशी तारखांच्या बाबतींत बहुतांशीं ग्राह्य आहे. दोष कोणाचा हें ठरविण्याच्या बाबतींत ती एका पक्षाची कैफियत आहे.

प्रथम नियम काय होते तें पाहूं. शामदेश, मिसर इत्यादि पूर्वेकडील मुलखांशीं फ्रान्सचा जो समुद्रव्यापार चाले, तो बहुतेक सर्व मार्सेयच्या हातीं होता. यामुळें त्या बंदराची आरोग्यव्यवस्था मोठी कडक समजली जाई. प्रत्येक जहाजानें जें बंदर सोडलें तेथील फ्रेंच वकिलाकडून आरोग्यपत्र आणावें, असा निर्बंध होता. हें पत्र तीन प्रकारचें असे. सुटतेवेळीं त्या मुलखांत रोग नसला तर स्वच्छ, रोगाची वार्ता असली तर संशयित, आणि रोग प्रत्यक्ष असला तर दूषित. मार्सेयजवळ येतांच जहाजानें पोमेग बेटाच्या आश्रयास नांगर टाकावा, कप्तानानें होडींतून येऊन दुरूनच शपथेवर जबानी द्यावी, आणि मग आरोग्यमंडळानें जहाज, माणसें व माल यांची मुदत ठरवावी, अशी रीत होती. माणसें व माल यांकरितां शहराबाहेर लाझारेत नांवाची तटबंदी इमारत बांधलेली होती. जहाज अतिशय संशयास्पद असल्यास त्यास दूरच्या जार नांवाच्या ओसाड बेटाकडे धाडीत. मंडळाचे सभासद सोळा असत. ते बिनपगारी असून बहुधा व्यापारी किंवा निवृत्त कप्तान यांतून निवडले जात. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां जहाजाचा प्रवास. ग्राँ सँ-आंत्वान हें तीन डोलकाठ्यांचें गलबत कप्तान शातो याच्या हाताखालीं १७१९ च्या जुलैंत मार्सेयहून निघालें. सैदा बंदरीं त्यास ३१ जानेवारी १७२० चें स्वच्छ आरोग्यपत्र मिळालें. पुढें सूर व शामदेशांतील त्रिपोली येथें त्यानें आणखी माल व कांहीं उतारू घेतले. त्रिपोलीहून निघाल्यावर थोड्याच दिवसांत, एप्रिलच्या आरंभीं, एक तुर्की उतारू मेला. त्याचें प्रेत समुद्रांत टाकणारे खलाशी मेले. मागाहून आणखी खलाशी व जहाजावरील शस्त्रवैद्यही गेला. मे महिन्याच्या आरंभीं जहाज तुलाँनजीक ब्रुस्क येथें थांबलें. तेथून मार्सेय अगदीं जवळ असतांही तें उलट फिरून इटलीच्या लिव्होर्नो बंदरास गेलें. लिव्होर्नोच्या अधिकाऱ्यांनीं त्यास आंत घेतलें नाहीं. अखेर २५ मे रोजीं तें मार्सेयसमोर आलें.

रोजनिशीची पहिली कसोटी येथेंच लागते. शातोच्या मृत खलाशांविषयीं लिव्होर्नोच्या वैद्यांनीं दिलेल्या दाखल्याचा आशय पिशाती देतो तो असा, कीं दूषित अन्नामुळें उत्पन्न झालेल्या ज्वरानें हीं माणसें मेलीं. परंतु दफ्तरांच्या आधारें पुढें जें संशोधन झालें त्यांत त्या वैद्यांनीं मारक व मरीसदृश ज्वर असे शब्द वापरल्याचें दिसतें. त्रिपोलीच्या आरोग्यपत्राच्या पाठीवर प्रवेश नाकारल्याचा शेराही लिव्होर्नोंत मारलेला होता. एका विशेषणाचा हा फरक लहान नव्हे. तें विशेषण कायम ठेवलें तर आरोग्यमंडळास डोळे असून दिसलें नाहीं असें म्हणावें लागतें. तें गाळलें तर मंडळ फसविलें गेलें असें म्हणतां येतें. पिशातीनें दुसरी वाट धरली. तो नगराचा वकील होता, व नगराची बाजू मांडणें हाच त्याचा व्यवसाय होता, हें विसरून त्याचें वाचन करणें इष्ट नाहीं.

दुसरी कसोटी मालाची. २७ मे रोजीं जहाजावर आणखी एक खलाशी मेला. लाझारेतच्या शस्त्रवैद्यानें प्रेत पाहून मरीचें चिन्ह नाहीं असा अभिप्राय दिला. जहाज जार बेटाकडे धाडण्याचा विचार आधीं झाला होता, तो फिरला. मौल्यवान कापड लाझारेतमध्यें उतरवावें असें ठरलें, व पुढें उरलेल्या मालासही तीच परवानगी मिळाली. शेवटचा गठ्ठा उतरल्यापासून चाळीस दिवस माल शुद्ध करावा, हा ठराव रोजनिशींत आहे. उतारूंना १४ जून रोजीं शहरांत सोडलें, हेंही आहे. गठ्ठे उघडणारे हमाल जूनअखेर मरूं लागले, हेंही आहे. नाहीं तें एवढेंच कीं, जार बेटाचा निर्णय कां फिरला. जो लेखक प्रत्येक दिवसाची नोंद ठेवतो तो नेमक्या या प्रसंगाचें कारण देत नाहीं, तेव्हां त्याचें मौन हाच एक पुरावा होय.

तें मौन कशाविषयीं होतें हें कार्येर, कूर्द्युर्ये व रेब्युफा या त्रयीनें १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून सर्वांस स्पष्ट झालें आहे. जहाजाचे चार भागीदार होते. त्यांतील एक खुद्द कप्तान शातो, व दुसरा झाँ-बातिस्त एस्तेल. हा एस्तेल त्या वर्षीं मार्सेयचा पहिला नगरकारभारी होता. मालाची किंमत सुमारें एक लाख एक्यू धरली जाते, आणि त्यांतील उंची कापड जुलैच्या उत्तरार्धांत भरणाऱ्या बोकेरच्या जत्रेसाठीं होतें असें मानतात. नियम पाळले असते तर जत्रा हातची जाणार होती. नियमांचा अंमल करणारे, मालाचे धनी, व कारभाऱ्यांचे स्नेही हे एकाच पेठेंतले लोक होते. रोजनिशींत एस्तेलचें नांव वारंवार येतें, पण जहाजाच्या चौथ्या हिश्श्याचा धनी म्हणून येत नाहीं.

तथापि येथें थांबून एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. एस्तेलनें मंडळास नियम मोडण्याचा हुकूम दिला असा कागद पुढें आलेला नाहीं. ब्रुस्क येथें जहाज थांबलें तेव्हां मालकांशीं निरोपांची देवघेव झाली व लिव्होर्नोची फेरी सोईस्कर दाखल्यासाठींच होती, हें अनुमान सबळ आहे. पण तें अनुमानच. स्वार्थ सिद्ध आहे, संधि सिद्ध आहे, निर्णय फिरल्याचें सिद्ध आहे. या तिहींस जोडणारा दुवा सिद्ध नाहीं. अलीकडचे कित्येक लेखक हा दुवा गृहीत धरून एस्तेलास खुनी ठरवितात. पिशातीचा पक्षपात सोडून उलट पक्षपात पत्करणें हें संशोधन नव्हे. शिवाय त्याच सुमारास शामदेशाकडून दूषित आरोग्यपत्रें घेतलेलीं आणखी जहाजें आलीं होतीं, व हें पिशाती स्वतःच नोंदवितो. सर्व भार एका जहाजावर टाकणाऱ्यांनीं ही नोंद वाचलेली दिसत नाहीं.

पिशातीस प्रतिसाक्षी म्हणून बेर्त्राँ या मार्सेयच्या वैद्याचें १७२१ सालचें कथन पुढें करण्यांत येतें. हा ग्रंथ रोजनिशीहून अधिक मोकळा आहे, व रोग्यांची स्थिति त्यानें प्रत्यक्ष पाहिलेली आहे. ९ जुलै रोजीं पेसोनेल पितापुत्र या वैद्यांनीं मरीची सूचना कारभाऱ्यांस दिली असतांही शहरास सत्य सांगण्यांत किती दिवस गेले, हें त्याच्याकडून नीट कळतें. परंतु बेर्त्राँही निःपक्ष नव्हे. मोंपेल्येहून आलेले राजवैद्य रोग संसर्गजन्य नाहीं म्हणत. स्थानिक वैद्यांस तो संसर्गजन्य आहे असें ठासून सांगावयाचें होतें. यास्तव जहाजावरून रोग आल्याची साखळी अखंड दाखविण्यांत बेर्त्राँचा मान गुंतलेला होता. दोन्ही साक्षी एकमेकींसमोर ठेवूनच वाचल्या पाहिजेत.

परिणाम काय झाला तो प्रसिद्धच आहे. सुमारें ९०,००० वस्तीच्या त्या शहरांत ४०,००० च्या आसपास माणसें मेलीं. सप्टेंबर १७२० मध्यें राजाज्ञेनें जहाज जार बेटाजवळ जाळलें. कप्तान शातो इफच्या किल्ल्यांत कैदेंत पडला, तो १७२३ पर्यंत सुटला नाहीं. एस्तेल १७२२ सालीं सरदारवर्गांत घेतला गेला. एकाच जहाजाच्या दोन भागीदारांची ही गति. पण एस्तेलाविषयीं न्याय करावयाचा तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, पुष्कळ अधिकारी व श्रीमंत शहर सोडून पळाले असतां तो व त्याचे तीन सहकारी जागेवर राहिले, आणि प्रेतें उचलविणें, धान्य आणविणें हीं कामें त्यांनीं केलीं. राजानें बक्षीस दिलें तें या सेवेबद्दल. पण सेवेच्या बक्षिसानें आधींच्या चौकशीचा प्रश्न मिटतो, असें राजदरबारानें मानलें. इतिहासानें तसें मानण्याचें कारण नाहीं.

अलीकडील साधनांनीं या खटल्यांत कांहीं भर घातली आहे. १९७८ सालीं जार बेटाजवळ समुद्रतळीं जळालेल्या जहाजाचे अवशेष सांपडले, व पुढें त्याचा नांगरही वर काढण्यांत आला. जाळल्याची हकीकत यानें पक्की झाली. १७२२ च्या एका सामुदायिक दफनभूमींतील दांतांवरून २०१६ सालीं प्लेगच्या जंतूची जातकुळी तपासली गेली. ती चौदाव्या शतकांतील युरोपच्या महामरीच्या जंतूपासून उतरलेली निघाली. मधल्या काळांत तिचें ठाणें कोठें होतें हें मात्र त्या परीक्षेनें ठरलें नाहीं. यावरून जहाज निर्दोष ठरलें अशी घाई कित्येकांनीं केली आहे, ती अनाठायीं आहे. जंतूचा पूर्वज युरोपांत होता एवढ्यावरून १७२० चा जंतु जहाजानें आला नाहीं असें होत नाहीं.

हें सर्व परक्या बंदराचें प्रकरण असलें तरी आमच्या वाचकांस तें परकें नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत, गोदीच्या शेजारीं, याच रोगाची ओळख पटली. आणि १८९७ च्या आरंभीं युरोपच्या राष्ट्रांनीं व्हेनिस येथें परिषद भरवून मुंबईकडील जहाजांवर जे निर्बंध घातले त्यांची मूळ घडण मार्सेय व व्हेनिस येथील आरोग्यपत्रांतच आहे. त्याच साली हिंदुस्थान सरकारनें केलेल्या सांथीच्या कायद्यांतही जहाजांची तपासणी आली. अगदीं परवांपर्यंत, २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत, हा प्रश्न लहान शिडाच्या नौकांच्या मालकांपुढेंही उभा राहिला. बंदरें बंद झालीं आणि समुद्रावर असलेल्यांस कोठें उतरावें हें कळेना. फिजीनें त्या वर्षीं जूनमध्यें अशा नौकांस एक वाट मोकळी केली; चौदा दिवसांच्या मुदतींत समुद्रावर काढलेले दिवस धरावयाचे, पण जंतुपरीक्षा झाल्यावांचून उतरूं द्यावयाचें नाहीं. मार्सेयचें आरोग्यमंडळ मुदत मोजीत होतें ती शेवटचा गठ्ठा उतरल्यापासून. फिजीनें मोजली ती किनारा सुटल्यापासून. मोजण्याचा आरंभ कोठें धरावा हा तपशील दिसावयास क्षुल्लक, पण नौकेच्या धन्याचें नुकसान व गांवाचा जीव हीं दोन्ही त्याच तपशिलावर टांगलेलीं असतात. फरक एवढाच कीं, मार्सेयांत परीक्षा करणारा व परीक्षेचा लाभ घेणारा यांच्यामध्यें पडदा नव्हता.

यावरून साधनांच्या परीक्षणाचा एक नियम बांधतां येतो. आरोग्याच्या निर्बंधांचा इतिहास लिहितांना नियमाचा मजकूर पुरेसा नाहीं. मार्सेयचे नियम त्या काळच्या ज्ञानाच्या मानानें उत्तम होते, तरी शहर बुडालें. प्रत्येक आरोग्यपत्रावर सही कोणाची, मुदत कमी करणारा कोण, आणि त्या गलबतांत कोणाचा किती भाग, हे तीन प्रश्न सोबत विचारले पाहिजेत. आमच्या किनाऱ्यावरील बंदरांचीं जकातीचीं व आरोग्याचीं दफ्तरें जे अभ्यासक पुढें चाळतील त्यांनीं नौकांच्या धन्यांच्या याद्या या निर्बंधांच्या कागदांशेजारीं मांडून पाहाव्यात, अशी आमची त्यांस विनंति आहे. पिशातीच्या रोजनिशीचें स्थान या परीक्षणानें खालीं येत नाहीं. मार्सेयच्या कारभाऱ्यांनीं आपल्याविषयीं जगानें काय मानावें असें इच्छिलें, याचें तें अस्सल साधन आहे, आणि त्या दृष्टीनें तें यापुढेंही वाचलें जावें. मात्र त्यावरून शातोस एकट्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याची जी प्रथा पडली आहे ती आतां सोडावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.